मंडळाचा खण

या आठवणीत मी कोणाचेही नाव घालणार नाही. कोणाची भीती आहे म्हणून नव्हे. जिला भ्यावे अशी आता एकही उरलेली नाही. पण आमच्या मंडळात कोणी कोणाचे नाव घेतच नसे. शाळेत ज्या नावाने हाका मारल्या ते लग्नात बदलले, बदललेले नाव सासरच्या वडीलधाऱ्यांखेरीज कोणी उच्चारायचे नाही, आणि नवऱ्याचे नाव तर उखाण्याशिवाय ओठांवर आणायचे नाही. त्यामुळे आमच्या सभेत 'अहो वकिलीणकाकू', 'अहो डॉक्टरीणबाई', 'अगं कारकुनांची थोरली' असाच कारभार चाले. कारकुनांची थोरली म्हणजे मी. माझे वडील जुन्नरच्या कचेरीत कारकून होते आणि मला गावातच दिलेली होती.

मंडळ होते जुन्या विद्यार्थिनींचे. शाळा होती मुलींची, बाजारपेठेतल्या एका माडीवर. खाली धान्याची वखार आणि वर आम्ही. खाली मिरच्यांची पोती उतरली की वर पहिलीपासून चौथीपर्यंत अख्खी शाळा शिंकायची, आणि कविता म्हणता म्हणता मध्येच सगळ्याजणी नाकाला पदर लावायच्या. पाचवीचा वर्गही होता, पण तो बहुतेक वेळ नुसताच असायचा. त्यात मुली नसत.

या शाळेच्या जुन्या विद्यार्थिनींनी एकत्र यावे हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते. ते सुचले गावातल्या वकीलसाहेबांना. पुण्यात असे एक मंडळ निघाल्याचे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले, आणि पुण्याने केले ते जुन्नरने का करू नये असे त्यांना वाटले. नियमही त्यांनीच लिहिले. पहिला नियम असा होता की, जिची या शाळेतली शाळा सुटली असेल तिला सभासद होता येईल. या एका परीक्षेत मात्र आम्ही सगळ्याजणी पहिल्या वर्गात उतरलो होतो. कोणाची दुसरीत सुटली, कोणाची तिसरीत. मी चौथी पुरी केलेली, म्हणून मला विदुषी समजत आणि म्हणून मी चिटणीस. अध्यक्ष वकिलीणकाकू. त्यांची शाळा दुसरीतच सुटली होती. पण गावातला सगळ्यांत मोठा दिवाणखाना त्यांचा होता, आणि झोपाळाही.

सभा शुक्रवारी दुपारी भरे. दुपारची भांडी झाल्यावर आणि दिवेलागणीच्या आत काय ती सुधारणा उरकायची. काकू झोपाळ्यावर बसून वकीलसाहेबांनी लिहून दिलेले भाषण वाचीत. विषय बहुधा स्त्रीशिक्षणाचे महत्त्व. शाळा लवकर सुटल्यामुळे जोडाक्षरांशी काकूंची नीटशी ओळख झालेली नव्हती, आणि वकीलसाहेबांना तर जोडाक्षरांवाचून चैन पडत नसे. मोठे जोडाक्षर आले की काकू थांबून पाणी पीत. 'स्त्रीस्वातंत्र्य' हा शब्द आला त्या दिवशी तांब्या दोनदा भरून आणावा लागला. वकीलसाहेब शेजारच्या खोलीत बसलेले असत. त्यांना फारच राहवले नाही तर दाराआडून तो शब्द हळूच आत येई, आणि आम्ही सगळ्या जणू तो काकूच बोलल्या अशा माना डोलवीत असू.

भाषणानंतर काम. एकदा आम्ही लोकरीचे मोजे विणायला घेतले. ते कोणत्याच पायात जाईनात, तेव्हा त्यांच्या कुंकवाच्या कोयऱ्या झाकायच्या टोप्या केल्या. एकदा 'जुन्या चाली बऱ्या की नव्या' यावर वाद ठेवला. तो उडदाच्या पापडात पापडखार किती घालावा यावर जाऊन संपला, आणि खरे सांगायचे तर त्या वर्षातली तेवढीच एक उपयोगी सभा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण घराबाहेर पडायला मिळते म्हणून आम्ही तो आवडीने जेवत होतो. सासूबाईंना मी सांगत असे, आज वकिलीणकाकूंकडे मंडळ आहे. त्यांना वाटे भजनाचे असावे.

मंडळाला खरा रंग चढला तो एका निरोपाने. चौथीतल्या एका मुलीचे लग्न मंचरला ठरले आणि तिची शाळा सुटली. काकू म्हणाल्या, "म्हणजे आता ती आपली सभासदच झाली की! तिची ओटी भरू या." मग खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, साखरखोबरे, दोन गाणी. कधी सभेला न फिरकणाऱ्या बायकाही त्या दिवशी आल्या. मुलगी हिरवा खण कवटाळून अशी बसली होती की बाकीच्या मुली तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या. आमच्या हेडमास्तरीणबाई तेवढ्या आत नव्हत्या. त्या विधवा. ज्या मुलीला त्यांनी चार वर्षे अक्षर गिरवायला शिकवले तिची ओटी भरताना त्यांनी समोर असू नये, म्हणून त्या मागच्या जिन्यावर उभ्या होत्या. स्त्रीशिक्षणाचे महत्त्व आत वाचून झाले आणि ज्यांनी ते शिक्षण दिले त्या जिन्यावर. हे खटकायला हवे होते; पण कोणाला खटकले नाही, कारण सगळ्यांचे लक्ष साखरखोबऱ्याकडे होते.

त्यानंतर हा समारंभच मंडळाचे मुख्य काम होऊन बसला. दर लग्नसराईत एकदोन तरी ओट्या. मुलींना त्याचे इतके वेड लागले की तिसरीतली एक चिमुरडी बाईंना विचारती झाली, "बाई, माझी शाळा कधी सुटणार?" घरी जाऊन मुली बापाकडे हट्ट करीत, मलाही खण पाहिजे. आणि त्याला तेल घालणारी एक बाई होती. तेव्हा मुलींच्या शाळेला एक बोलावणारी बाई असे. रोज सकाळी घरोघर जाऊन मुली गोळा करून आणायच्या, संध्याकाळी पोचवायच्या. आमची बोलावणारी सकाळी मुली गोळा करी आणि संध्याकाळी स्थळे. लग्नघरातून तिला चोळी मिळे. दारात उभी राहून ती विचारायची, "काय वैनीबाई, थोरलीचं कवा उरकताय? पल्याडच्या आळीतल्या पोरीची वटी भरली मंडळानं. लई झ्याक खण व्हता."

असे ते सगळे चालले होते. शिक्षणासाठी काढलेले मंडळ शाळा रिकामी करीत होते आणि जी रिकामी होई ती मंडळात भरती होई. आमच्या सभा अगदी भरगच्च होऊ लागल्या.

एका शुक्रवारी बाई स्वतः वकिलांच्या ओसरीवर येऊन बसल्या. आत या असे कोणी म्हटले नाही, आणि त्याही आल्या नाहीत. बाहेरूनच म्हणाल्या, "तुमचं मंडळ वाढतंय, आनंद आहे. माझ्या पाचवीत मात्र कोणी नाही. कमिटीनं सांगितलंय, या परीक्षेनंतरही पाचवी रिकामी राहिली तर वर्ग बंद. मग पाचवी नाही आणि पुण्याला मास्तरणींच्या ट्रेनिंगलाही इथली मुलगी कधी जायची नाही. तुम्ही जाणाऱ्या मुलीचा सत्कार करता. राहणारीचा कधी केलात का?"

मी ओसरीच्या दाराकडे सरकले. कारण ती राहणारी माझ्या माहेरची होती. माझी धाकटी बहीण चौथीत होती आणि तिला मास्तरीण व्हायचे होते. घरातली भांडी ओळीने मांडून ती त्यांना शिकवायची. परातीला पाढे येत नाहीत म्हणून परात कोपऱ्यात उभी असायची, आणि आई भाकरीच्या वेळी हाका मारी, "अगं, तिची शिक्षा संपली असली तर दे इकडे!" बाईंनी तिला शब्द दिला होता की पाचवी झालीस की ट्रेनिंगची तयारी मी करून घेईन, पुण्याला मी धाडीन. वडिलांनीही होकार दिला होता. पण माझ्या वडिलांचा होकार म्हणजे शेवटी जो बोलेल त्याचा. सकाळी बाई बोलल्या तर सकाळी ते शिक्षणाचे, संध्याकाळी आत्या बोलली तर संध्याकाळी लग्नाचे. माणूस गाईसारखा गरीब. पण कोणीही दावे धरावे आणि न्यावे. म्हणून बहिणीचे सगळे यावर होते की पाचवी सुरू राहावी आणि वडिलांशी भलते कोणी शेवटी बोलू नये.

मी चिटणीस या नात्याने सभेत सूचना मांडली, की यापुढे मंडळाने चौथी होऊन पाचवीत जाणाऱ्या मुलीची ओटी भरावी. दाराआडून "वा! उत्तम!" असा आवाज आला, म्हणजे ठराव पास झाला. आणि पाचवीत जायला तयार असलेली मुलगी तेव्हा एकच होती. परीक्षेला थोडे दिवस होते, पण बाई म्हणाल्या, "ती पास होणारच. आता भरलीत तर बाकीच्यांना बघून हुरूप येईल." पुढच्या शुक्रवारी काकूंनी दिवाणखान्यात माझ्या बहिणीची ओटी भरली. खण हिरवा, पेठेतल्या कापडवाल्या शेटजींच्या दुकानातला. शेटजी मारवाडचे जैन, पण तीन पिढ्या जुन्नरात काढलेले, आमच्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलत. मी अभिमानाने फुगले होते.

त्या फुग्याला टाचणी लागायला संध्याकाळही पुरती व्हावी लागली नाही. मी माहेरीच होते. बोलावणारी दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ग्वाड करा वैनीबाई! वकिलाचं घर गावलं पोरीला. नशीब काढलं!"

आई म्हणाली, "कसलं घर?"

"आता कशापायी लपवताय? वकिलीणबाईनं सवताच्या हातानं वटी भरली न्हवं? समद्या पेठंत झालंय."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. लग्न न झालेल्या मुलीची ओटी एखाद्या घरची बाई चारचौघींत भरते ती केव्हा? साखरपुड्याला. शिवाय आमच्या मंडळानेच गावाला शिकवून ठेवले होते की मंडळाने ओटी भरली म्हणजे मुलीचे जमले. आता कोणाशी जमले, एवढाच प्रश्न राहत होता. आणि ओटी भरणाऱ्या काकूंच्या घरात लग्नाचा मुलगा होता. गावाने दोन आणि दोन चार केले. गणित चुकले होते, पण रीत आमचीच होती.

काकूंचा मुलगा मॅट्रिकशी दोनदा कुस्ती खेळून दोन्ही वेळा चीत झालेला. दिवसभर कुकडीच्या घाटावर बसायचा, विड्या ओढायचा, आणि इंग्रजी येते असे दाखवायला अधूनमधून 'वेल, वेल' म्हणायचा. त्याला चांगले स्थळ सांगून येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी वडील कचेरीतून आले ते रिकाम्या खिशाने. कचेरीत सगळ्यांनी अभिनंदन केले, पेढे मागितले, आणि नाही कसे म्हणायचे म्हणून माझ्या वडिलांनी पेढे वाटलेसुद्धा! आईने कपाळावर हात मारला. "अहो, कशाचे पेढे ते तरी विचारायचं!" वडील म्हणाले, "सगळे इतके आनंदात होते, म्हटलं विचारणं बरं दिसत नाही."

मी तडक काकूंकडे गेले. म्हटले, "काकू, ओटी पाचवीची होती. गावात भलतंच झालंय, तुम्ही एकदा सांगून टाका." काकू झोपाळ्यावर पान लावीत होत्या. त्यांनी चुना जरा जास्तच निगुतीने लावला.

"अगं, चार लोकांच्या तोंडून देवच बोलतो," त्या म्हणाल्या. "मुलगी गोरी आहे, चुणचुणीत आहे, चौथी शिकलेली. आणि तुमच्याकडून आम्ही काही मागणार नाही हो."

"पण पाचवी?"

"पाचवी कुठं पळून चाललीय? आणि घरी स्वतः वकील आहेत, लागेल तेवढं शिकवतील."

मंडळाची अध्यक्ष पाचवीला पाठ दाखवीत होती आणि चिटणीस जिभेला कुलूप घालून परतली. कारण आमच्या घरची बाजू लंगडी होती. ठरलेले मोडले असा बोभाटा झाला तर मुलीचेच नाव खराब होणार. वकिलांच्या घराने नाकारली म्हणतील. आम्ही नाकारले यावर कोणाचा विश्वास बसणार? संध्याकाळी वडिलांशी शेवटचे बोलले ते वकीलसाहेब, आणि वडील घरी येऊन म्हणाले, "घर काही वाईट नाही."

बहीण माझ्यापाशी आली. तिच्या हातात तो खण होता. "ताई, मी पहिला नंबर काढते म्हणून माझं लग्न करतायत का?" मी तिच्या केसांवरून हात फिरवला. "मग मी नापास होते," ती म्हणाली. माझे डोळे भरून आले. शाळेत कधी एक गणित न चुकलेली ती पोर. नापास होणे हीच तिला सगळ्यांत मोठी किंमत वाटत होती आणि ती द्यायला ती तयार होती.

"खण परत देऊन ये," ती आईला म्हणाली.

आई म्हणाली, "भरलेली ओटी परत करत नाहीत बाळा. घेणाऱ्याला बरं नाही आणि देणाऱ्यालाही नाही." आई शाळेची पायरी चढली नव्हती, पण ओटीच्या शास्त्रात तिला कोणी हरवू शकत नसे.

बहीण रागाने लाल झाली. "मग माझी एकटीचीच का? वर्गातल्या सगळ्यांच्या भरा म्हणावं वकिलीणकाकूंना. आणि मग लावा म्हणावं त्यांच्या दादाचं सगळ्यांशी लग्न!"

आई आधी हसली. मग हसता हसता थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. मीही तिच्याकडे बघत होते.

त्याच पंधरवड्यात शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर परीक्षेला येणार होते आणि त्यांच्या हस्ते बक्षीससमारंभ होता. वकीलसाहेबांना शाळा कमिटीचे अध्यक्ष व्हायचे होते आणि डेप्युटींच्या एका शब्दाने ते होण्यासारखे होते. मी वकीलसाहेबांना निरोप पाठवला, की मंडळाचे कार्य डेप्युटीसाहेबांच्या नजरेस पडावे. पाचवीत जायला तयार असलेल्या प्रत्येक मुलीची ओटी अध्यक्षीणबाईंनी साहेबांसमोर भरावी. वकीलसाहेब इतके खूष झाले की बायकोला विचारायचे त्यांच्या लक्षातच राहिले नाही. स्त्रियांच्या उन्नतीच्या बाबतीत ते स्त्रियांना कधी त्रास देत नसत.

इकडे बहिणीने वर्गात मोहीम काढली. पाचवीत आलीस तर हिरवा खण, तोही साहेबांसमोर! ज्या मुली महिन्याभरापूर्वी लग्नासाठी हट्ट करीत होत्या त्या आता पाचवीसाठी जमिनीवर लोळू लागल्या. शेटजींची मुलगी तयार झाली. कागद करणारे मुसलमान कारागीर होते, त्यांच्या आळीतली एक हुशार मुलगी तयार झाली. सोनारांची झाली. बोरी बुद्रुकच्या पाटलांची एक मुलगी मामाकडे शिकायला होती, तीही. साहेबांसमोर आपल्या मुलीचा मान होणार म्हटल्यावर बापांनीही माना हलवल्या. खण शेटजींनी आपल्या दुकानातून आणून दिले आणि स्वतः पुढच्या रांगेत येऊन बसले.

डेप्युटी आले, त्यांनी नद्या विचारल्या, गणिते घातली, सगळ्या मुली पास केल्या. समारंभाला काकू पैठणी नेसून आलेल्या. पहिल्यांदा माझी बहीण पुढे आली. काकूंनी मोठ्या प्रेमाने तिची ओटी पुन्हा भरली आणि बसलेल्या बायकांकडे एक नजर टाकली, म्हणजे बघून ठेवा. तेवढ्यात दाराबाहेरून बाईंनी दुसरी मुलगी आत सोडली. काकूंना समजेना. मी दुसरा खण त्यांच्या हातात दिला. मग तिसरी मुलगी आली, मग चौथी. काकूंचा हात कुंकवाच्या कोयरीवर थबकला. त्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिले. वकीलसाहेब डेप्युटींकडे पाहून हसत होते. डेप्युटी म्हणाले, "वा! विद्येला सुवासिनींचा आशीर्वाद. असं मी जिल्ह्यात कुठं पाहिलं नाही." आता हात मागे घ्यायची सोय उरली नव्हती. काकू एकामागून एक ओट्या भरत गेल्या. शेटजींची मुलगी झाली, सोनारांची झाली, पाटलांची झाली, कागदी आळीतली झाली.

जिन्यात उभ्या असलेल्या बोलावणारीला राहवले नाही. तिचा आवाज पेठेत हाका मारून तयार झालेला.

"आगं बया! वकिलीणबाईनं आख्खा वर्गच सून करून घेतला की!"

बायकांनी पदर तोंडात कोंबले. पुरुषांच्या रांगेत कोणीतरी खोकले, मग सगळीच रांग खोकू लागली, आणि त्या दिवशी खाली मिरच्या उतरल्या नव्हत्या. काकूंनी पाणी मागितले. समोर एकही जोडाक्षर नव्हते.

पुढचे काम गावाने केले. शेटजींनी वकीलसाहेबांना वाटेत गाठून हात जोडले. "साहेब, आमचा धर्म वेगळा, तुमचा वेगळा. ही सोयरीक आम्हाला कशी झेपणार?" ते गंभीरपणे म्हणाले की थट्टेने, हे शेवटपर्यंत कळले नाही. घाटावर पोरे काकूंच्या मुलाला विचारू लागली, "काय रं दाद्या, आज कितव्या सासरी?" त्याला 'वेल, वेल'ही म्हणता येईना. तो तिसऱ्यांदा मॅट्रिकला बसायचे म्हणून पुण्याला निघून गेला. मला त्याची थोडी दया आली. त्याला तरी कोणी काय विचारले होते? शेवटी वकीलसाहेबांना कचेरीच्या व्हरांड्यात दहाजणांसमोर सांगावे लागले की, मंडळाची ओटी ही विद्येची ओटी असून तिचा विवाहाशी संबंध नाही. माझे वडील तिथेच होते. वकीलसाहेब शेवटी बोलले होते, तेव्हा वडिलांना ते लगेच पटले. वाटलेल्या पेढ्यांचे काय, एवढीच काळजी त्यांना राहिली.

पाचवी सुरू राहिली. उगाच गोड कशाला सांगू? त्या पाचजणींतल्या तिघींना वर्ष पुरे व्हायच्या आत काढले. कागदी आळीतली मुलगी आणि माझी बहीण एवढ्याच परीक्षेपर्यंत पोचल्या. पुढे दोनतीन वर्षे बाईंनी बहिणीला घरी बसवून तयार केली, आणि एका पहाटे वडिलांबरोबर ती टांग्यात बसून नारायणगाव, मंचर, खेड करीत पुण्याला ट्रेनिंगला गेली. टांगा वळेपर्यंत मी हात हलवीत होते. मला आनंद झाला होता आणि हेवाही वाटत होता; दोन्ही खरे.

आणि मंडळ? जरा काळ जाऊ देऊन मंडळाने निरोपाच्या ओट्या पुन्हा सुरू केल्या. पाचवीची ओटी एकदाच झाली, तेवढी पुरे झाली.

बऱ्याच वर्षांनी बाई थकून घरी बसल्या आणि त्यांच्या जागी माझी बहीण आली. मधल्या काळात तिने घोडेगावच्या एका शाळामास्तरांशी लग्न केले होते. अठरा वर्षांची घोडनवरी म्हणून गावाने तोंडाला पदर लावला, आणि तिने तो लावू दिला. ती रुजू झाली त्या आठवड्यात काकूंनी मला बोलावले. काकू म्हाताऱ्या झाल्या होत्या, वकीलसाहेब अंथरुणाला खिळलेले, पण अध्यक्षपद तेच. "चल, हेडमास्तरीणबाईंना मंडळात घेऊन येऊ," म्हणाल्या.

माडीचा जिना चढून काकू धापा टाकीत वर आल्या. हातातल्या ताटात दोन हिरवे खण, दोन नारळ. तिसरीचा वर्ग चालू होता. बहिणीने उठून ओटी घेतली, वाकून नमस्कार केला.

काकू म्हणाल्या, "आता शुक्रवारी यायचं. इतकी शिकलेली आपली मुलगी, मंडळात नको?"

"काकू, मंडळाचा पहिला नियम काय?" बहीण म्हणाली. "जिची शाळा सुटली ती सभासद. माझी अजून सुटलेली नाही." मग ताटाकडे पाहून, "हा दुसरा कोणाचा?"

"नातीचा. घाटावर बसायचा त्या दादाचीच मुलगी. मंचरला जमवलंय. शुक्रवारी तिचा निरोप करायचा, म्हणून एकदमच घेतले."

नात समोरच बसली होती, पाटी मांडीवर घेऊन. तिने पाटीवरून मान वर केली नाही. बहिणीने हातातला खडू खाली ठेवला. मला वाटले आता ही भडकेल. पण काकूच मुलींच्या सतरंजीवर बसल्या. खिडकीच्या बाजूची भिंत बघत म्हणाल्या, "माझी जागा इथं होती. दुसरीत होते. एक दिवस दुपारी आई आली आणि हाताला धरून घेऊन गेली. पाटी इथंच राहिली. कुठं चाललीस असं कोणी विचारलंसुद्धा नाही. ओटी तर राहूच दे."

इतकी वर्षे मी त्या निरोपाच्या समारंभाची टवाळी केली, पण तो काकूंना कुठून सुचला हे मला तेव्हा कळले. मला भरून आले, आणि तरी त्यांचा रागही गेला नाही. स्वतःची शाळा अशी हिसकली गेलेली बाई दुसरीची शाळा हिसकताना खण देते, एवढीच आमच्या मंडळाची सुधारणा होती.

बहिणीने ताटातला दुसरा खण उचलला. "हा मी ठेवून घेते. नात पाचवीत आली की तुमच्याच हातानं भरा."

"आणि जमवलेलं?"

"मोडा. तुमच्या घराच्या पाच सोयरिका एकाच आठवड्यात मोडल्या होत्या, गावाचं काही वाकडं झालं नाही. ही सहावी."

 काकूंनी पाणी मागितले. बहिणीने नातीलाच मडक्यातले आणायला पाठवले.

त्या शुक्रवारी मंडळाचा समारंभ झाला नाही. खण शाळेच्या कपाटात खडूंच्या पेटीवर ठेवलेला मी पाहिला. सोमवारी नात शाळेत आली. खाली मिरच्यांची पोती उतरत होती आणि ती सगळ्यांबरोबर शिंकत होती.